रास्त झीज

जूनच्या तीस तारखेला मी नऊ घरं बघते.
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवते,
हातात यादी, टॉर्च, आणि ते पिवळं यंत्र
जे भिंतीत दोन दात रुतवून ओल सांगतं.

ॲबरिस्टविथच्या या चढावर खिडक्यांना बारा महिने मीठ बसतं.
समुद्र भाडं भरत नाही
आणि त्याची अनामत कोणी कापत नाही.

सातवं घर. चौघं राहत होती, आता तिघं.
एलिन, मॅडॉक, आणि खोली रिकामी करताना
एकदा रडून घेतलेली तेगवेन.
इफान फेब्रुवारीतच शिक्षण सोडून गेला.
करारात लिहिलं होतं : सगळे मिळून, आणि एकेकटाही जबाबदार.
सही करताना ती ओळ कोण वाचतं?
तिघांनी ती वाचली मार्चमध्ये,
इफानचं भाडं त्यांच्या खात्यांतून जायला लागल्यावर.
मॅडॉक तेव्हापासून रात्री चिप्स तळतो.
त्याच्या कोटालाही तळणाचा वास.

घरमालक प्रॉथरो पायरीवर उभे.
माणूस वाईट नाही. पस्तीस वर्षं बस चालवली,
पेन्शनच्या पैशांत घर घेतलं
आणि छपरापाशी येईतो पैसे संपले.

मागच्या खोलीत बुरशी, काळी, नकाशासारखी पसरलेली.
"आत कपडे वाळवतात," प्रॉथरो म्हणाले.
"छप्पर गळतं," तेगवेन म्हणाली, आणि फोन पुढे केला.
अकरा ईमेल, ऑक्टोबरपासून, फोटो जोडलेले.
प्रत्येकात 'कृपया'.
अकराव्यातही.

मी यंत्र खाली लावलं : कोरडं.
स्टुलावर चढून वर लावलं : आकडा धावला.
पाणी वरून खाली येतं,
हे सांगायला दाखला लागत नाही.
तरी मी आकडा लिहिला.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, रास्त झीज.
दारापासून पलंगापर्यंत गालिच्यात पडलेली पायवाट,
मुठीवरून उडालेलं पितळ,
उन्हाने फिकटलेला पडदा,
ह्यांचे पैसे मागता येत नाहीत.
राहणारा माणूस राहणारच,
आणि राहिला की काहीतरी झिजणारच.
कायदा एरवी इतका समजूतदार मला भेटलेला नाही.

चौऱ्याऐंशी साली मी याच गावात शिकत होते.
माझे साठ पौंड एका माणसाने
खिडकीच्या चौकटीवरच्या धुळीपायी गिळले.
आत शिरताना फोटो काढायचे, पावती मागायची,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
मी त्याला 'थँक यू' म्हणून आले.

यादी मिटणार, तेवढ्यात एलिनने कपाट सरकवलं.
खाली, गालिच्यावर, इस्त्रीचा डाग.
होडीसारखा, टोक खिडकीकडे.
"हा माझा. मुलाखतीच्या सकाळी."

मला दिसला नसता.
कपाटं सरकवून बघायला
मला कोणी पैसे देत नाही.

प्रॉथरो डागाकडे बघत राहिले. मग छताकडे.
मग पुन्हा डागाकडे.
"लागली का नोकरी?"
"नाही."

ते काही बोलले नाहीत.
खिशातून रुमाल काढला, आणि नाक न पुसताच परत ठेवला.

मी लिहिलं : बुरशी, मागची खोली, ओल वरून. कळवलेलं, अकरा वेळा.
मी लिहिलं : डाग एक, इस्त्रीचा, भाडेकरूने स्वतः दाखवला.
शेवटच्या तीन शब्दांना रकाना नव्हता.
ते समासात, आडवे बसवले.

किल्ल्या मोजल्या. तीन.
चौथी इफानकडे, कुठल्या गावात कोण जाणे,
त्याच्या खिशात सुट्ट्या नाण्यांशी वाजत असेल.
तिची किंमत नऊ पौंड. तिघांनी तीन-तीन काढले,
मॅडॉकने सगळी नाणी.

आठवं घर दोन वाजता.
पिशव्या बुटांवरून काढायच्या राहिल्या,
अर्ध्या उतारावर आल्यावर कळलं.