सोबतचा रकाना

अहमदपूर ते नळदुर्ग. मधे लातूर, मधे तुळजापूर.
अर्ध्या तिकिटात पूर्ण खिडकी.
कंडक्टर म्हणाला, देवीला का मावशी?
नाही, पुढं. नळदुर्गला.
कोण असतं तिथं?
कोणी नाही. फिरायला.
तो सुट्टे पैसे मोजत जरा थांबला,
वाक्याचं उरलेलं येईल म्हणून.

आमच्याकडं बाई एकटी निघते ती
दवाखान्याला, दहाव्याला,
कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या बाळंतपणाला.
माझ्याकडं ह्यातलं काहीच नव्हतं.
पंचायत समितीतली तीस वर्षं,
न घेतलेल्या रजा,
आणि भावाचा फोन : अगं, पण कशाला?

लॉजवर महालिंग आप्पांनी वही उघडली.
इंदुमती गणपतराव लोखंडे. वय त्रेपन्न.
येण्याचं कारण.
सोबत.
पेन तिथं अडकलं.
आधार कार्ड त्यांनी उलटून पाहिलं,
मागं कोणी असेल तर.
"एकट्या बाईला देत न्हाई तसं आम्ही.
तुम्ही वयानं हाव म्हणून."
वय पहिल्यांदाच कामाला आलं.

खोलीत दोन उशा, दोन टॉवेल,
बोटाएवढे दोन साबण.
एकानं न्हाले, एक रुमालात बांधला.
झोपताना सवयीनं भिंतीकडं सरकले,
ही जागा सोडतेय कुणासाठी, ते काही आठवेना.
भाचे आता पुण्यात आहेत.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
मग हळूच पलंगाच्या मधोमध आले,
कुणाची झोप मोडेल अशी.

सकाळी किल्ला.
जानेवारीतली बोरी, खाली कुठंतरी आळसावलेली.
पाणी महालापाशी मैनोद्दीन सगळ्यांना दाखवत होता,
ह्यो नर, ही मादी.
पावसाळ्यात दोघं संगं कोसळतात,
आता दोघंबी कोरडे.
निलंग्याच्या एका घरच्यांचे मी सहा फोटो काढले.
त्यांनी माझा एक.
त्यात त्यांचा अंगठा आलाय.
बाकीच्या जागेत मी आहे,
डोळे उघडे, पदर वाऱ्यावर.

नर आणि मादीच्या मधे
भिंतीच्या पोटात एक खोली आहे.
"पानी धो धो पडू द्या, हितं थेंब येत न्हाई,"
मैनोद्दीन म्हणाला, "मधी बसायचं, दोन्हीकडं बघायचं."
बसले.
पारव्यांच्या हगवणीनं पांढरा झालेला दगड,
त्यावर कुणाकुणाची नावं, बदाम, बाण.
भाकरी सोडली, शेंगाची चटणी,
कांदा बुक्कीनं फोडला.
तेवढ्यात खाली पाण्यात खंड्यानं सूर मारला
आणि चोचीत मासा घेऊन वर आला.
"बघितलंस?"
मोठ्यानं निघून गेलं तोंडातून.
दगडानं ते परत दिलं.
इकडंतिकडं पाहिलं, लाजले,
मग हातातला घास तसाच धरून
बराच वेळ बसून राहिले.
खंड्यानं आणखी दोनदा सूर मारला.
दोन्ही वेळा रिकामा.

परतीला तुळजापुरात एक बाई शेजारी बसली,
कपाळभर कुंकू, मांडीवर प्रसादाचं नारळ.
नवरा पुढच्या सीटवर, मान टाकून झोपलेला.
कुठं गेलताव?
सांगितलं.
कुणासंगं?
तेही सांगितलं.
औसा येईपर्यंत ती काहीच बोलली नाही.
नारळाची शेंडी बोटाला गुंडाळायची, सोडायची.
मग पुढं एकदा बघून, माझ्या कानाशी वाकून म्हणाली,
त्या लॉजच्या दाराची कडी
आतून नीट लागती का?

लागते, मी म्हटलं.
जराशी वर उचलून लावावी लागते.