गाढवाचे तीन पौंड

कारखान्याने पाचाच्या तीन पाळ्या केल्या
तेव्हा ग्रिम्सबीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी बँकेचा कागद पुरा वाचला.
पोळपाटावर पसरून. टेबलाचा एक पाय हलतो, म्हणून.
शिसपेन घेतली. खर्चाला कात्री लावायची
तर आधी खर्च दिसायला हवा.

टीव्हीवाल्यांना फोन केला.
बेचाळीस मिनिटं बासरीसारखं काहीतरी ऐकवून
एक पोरगी विचारते, "तुम्ही आम्हाला सोडून का जाताय?"
इतक्या मायेनं, की मलाच वाईट वाटलं.
म्हटलं, बाई, मी कुठे जाणार,
इथेच आहे, फ्रीमन स्ट्रीटच्या मागे.
तीन महिने फुकट देते म्हणाली.
चौथ्याचं काय, विचारलं.
पुन्हा बासरी.

मग मोटार गेली. मग सदानंदचा दुसरा फोन.
मग एक विमा, कशाचा ते दोघांनाही आठवेना.
हीटर संध्याकाळी एक तास, एकाच खोलीत,
आणि त्या खोलीत आम्ही दोघं,
नव्या नवरानवरीसारखे खेटून, पण कानटोप्या घालून.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
इथे जानेवारीत पाय पसरतंय कोण.
पोटाशी घेऊन झोपतो. अंथरूण उरतं.

विजेची किल्ली रासनायगमच्या दुकानात भरते, दहा-दहाची.
तो विचारत नाही, वीस का नाही.
आमसुलं दोनदा भिजवते.
दुसऱ्या वेळची सोलकढी लाजल्यासारखी, जेमतेम गुलाबी.

साडेसातला सुपरमार्केटात पिवळ्या चिठ्ठ्या लागतात.
कॅलम नावाचा पोरगा यंत्र घेऊन येतो
आणि आम्ही सातआठ जण
दह्याच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभे,
जशी काही उद्या परीक्षा आहे.
एक म्हातारा रोज टाय लावून येतो.
काल त्याचा आणि माझा हात एकाच पावावर पडला.
त्यानं सोडला. मीही सोडला.
तिसरीनं उचलला.

कागदाच्या तळाशी मात्र एक ओळ होती:
तीन पौंड, दर नऊ तारखेला, डॉरिस.
डॉरिस ही गाढवीण.
क्लीथॉर्प्सच्या वाळूत ऋजुता तिच्यावर बसली होती, सात वर्षांची,
उतरेचना; मानेला मिठी आणि हे मोठं भोकाड.
तिथेच सदानंदनं कसल्याशा फॉर्मवर सही केली,
म्हाताऱ्या गाढवांच्या पोटापाण्यासाठी.
आता ऋजुता लीड्सला असते. फोनवर विचारलं, तर
"कोण डॉरिस?"
डॉरिसचं मात्र दर एप्रिलला पत्र येतं, फोटोसकट.
यंदा लिहिलंय, दात उरले नाहीत,
चारा भिजवून देतात.

ओळ खोडली. रबरानं पुसली. पुन्हा खोडली.
कागद तिथे इतका विरला
की उजेडाला धरला तर पलीकडचा नळ दिसतो.
वर्षाचे छत्तीस. छत्तिसात काय काय येतं
ते मला झोपेत विचारा.
सदानंद म्हणाला, हा शुद्ध गाढवपणा आहे.
कुणाचा, ते बोलला नाही.
अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात;
इथे अडलंय कोण आणि पाय कुणाचे,
माझा हिशेब तिथेच चुकतो.

रविवारी त्यानं आपणच खुर्ची मोरीपाशी ओढली,
खांद्यावर टॉवेल टाकला. म्हणाला,
न्हाव्याचे बारा वाचतील, त्यातले तीन तिला दे.
कात्री पाकिटं फोडायची.
मी दिवसाला शेकड्यानं हॅडॉकचे काटे काढते,
माणसाचे केस कधी कापले नव्हते.
डावीकडे जमलं.
उजवीकडे कानावरचं सगळंच गेलं.
तो आरशात बराच वेळ पाहत राहिला,
मग दोन्ही कान बोटांनी वर ओढून
माझ्याकडे वळला.

आता कामावर जायला टोपी हवी त्याला.
त्याची कानटोपी उसवलीय. ऋजुताची एक सापडली, शाळेतली.
बसते.
फक्त तिला गोंडा आहे.