दुसरी बॉडी

"बॉडी मिळाली का?" फोनवर जरा मोठ्यानेच विचारलं मी,
आणि हर्णै बंदरात, लिलावाच्या ऐन घाईत,
चार टोपल्या डोक्यावरच थबकल्या.
कॅमेऱ्याची हो, कॅमेऱ्याची, म्हटलं,
तेव्हा कुठे पुन्हा बर्फ फुटायला लागला.

दापोलीच्या मुकादमांनी दोन पाठवल्या होत्या,
तीन दिवसांच्या बोलीवर.
कंपन्यांची नावं सांगत नाही,
हप्ता दोन्हींचा जवळजवळ तेवढाच.
मी त्यांना डावी आणि उजवी म्हणत होते,
जी ज्या खांद्यावर, ती ती.
जुनी पिशवीत. नऊ लग्नसराया झाल्या तिला,
मुठीचं रबर सुटलंय, दर महिन्याला चिकटवते.

पहिल्या दिवशी कुरव.
सुवर्णदुर्गाकडून येतात, बोटींवर घिरट्या घालतात,
आणि डोलकाठ्यांतून असे काही निघतात
की डोळ्याला आधी सावली दिसते, मग पक्षी.

डावी चटकन धरते. पंख, चोच, डोळा, हिरवी चौकट.
पण मध्ये दोरखंड आला
की ती दोरखंडाची होते.
उजवी उशिरा धरते आणि सोडत नाही.
पक्षी केबिनमागे गेला तर पलीकडे जाऊन थांबते,
येईल म्हणून.
कधी येतो. कधी दुसराच येतो, तिला चालतो.

वहीत लिहिलं : दोनशेपैकी
डावी एकशे चौसष्ट, उजवी एकशे एकोणपन्नास.
रात्री पुन्हा मोजले तर आकडे जरा हलले.
पहिलेच ठेवले.

आणि मध्येच डावीने
पाटीतल्या सुरमईच्या डोळ्यावर चौकट ठेवली.
अगं, मेलीय ती, मी पुटपुटले.
चौकट हलेना.
रंभा चोगले वाकून स्क्रीनमध्ये बघत म्हणाली,
"बरोबर हाय तिचा. आमी पन डोलाच बगतो.
वर आलेला, पान्यासारका, तो ताजा.
बसका आसला, तं आंग कितीबी चमकू दे, घेव नको."

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला लग्न. मांडवात पिवळे बल्ब,
होमाचा धूर, अंतरपाट खाली येण्याचा तो क्षण,
ज्याला दुसरी संधी नसते.
डावीची चौकट वेदांगीच्या डोळ्यावर, हिरवी, ठाम.
घरी येऊन मोठं करून पाहिलं :
नथीचा मोती न् मोती धारदार,
पाठीमागे डोळा, पाण्यात पडल्यासारखा.
सतरा फोटो. सतराही मोत्यांचे.
उजवी धुरात पुढे-मागे चाचपडत राहिली,
हार पडून गेला तरी चाचपडत होती,
पण चौकट लाल होती तिची.
सापडलं नाही, एवढं तरी तिने सांगितलं.

तर, कुठली?
धूर्त पण चुकणारी, की प्रामाणिक पण उशिरा येणारी?
मी दोन रात्री हाच हिशेब घालत बसले,
आणि ज्याच्या हातात ती जायची
त्या अर्शदला विचारायचं राहून गेलं.
एकोणीस वर्षांचा. दीड वर्ष माझे दिवे धरतोय.

तिसऱ्या दिवशी, उजेड उतरताना, उजवी त्याच्या गळ्यात अडकवली
आणि कुरव मार म्हणून सांगितलं.
त्याने पक्षी एकही मारला नाही.
बैलाचा ओला कान.
बोली लावताना रंभाबायची वर गेलेली दोन बोटं.
डिझेलच्या डब्यावर झोपलेलं पोर, पापणीवर मिठाचा कण.
सगळं जिथे हवं तिथे लख्ख.
"कसं पकडलं?" विचारलं.
"ते डोळेबिळे शोधायचं बंद केलं," तो म्हणाला,
"एकच ठिपका ठेवला. अंगठ्याने सरकवत होतो."

हे डावीवरही जमलं असतं. मला माहीत आहे.
पंधरा फ्रेमांचा फरक वहीत तसाच आहे, खोडला नाही.
मुकादमांना कळवलं, उजवी ठेवतेय.
ते म्हणाले, सगळे दुसरी नेतात.

निघताना रंभाबायने टोपलीखालून विचारलं,
"डोला बगितलास ना नीट?"
बघितला, म्हटलं.
कुणाचा, ते तिने विचारलं नाही.