रकाना सतरा

खिंड ओलांडून वर यायला सहा तास लागले,
त्यातले दोन गाडी ढकलण्यात.
एतेरबाईंनी पाव आणि चीज पुढे केलं, मग विचारलं,
कुणाचा रे तू?

तपासणीला गेल्यावर खायचं नाही, असा नियम आहे.
मी तसं सांगितलं.
त्या म्हणाल्या, मग तपासणार कसं?

माझ्याजवळ एक्केचाळीस रकान्यांचा तक्ता.
भिंतीला छातीइतकी पांढरी फरशी: नाही.
नळाला गरम पाणी: नळ नाही.
उंदरांचा बंदोबस्त: मांजर.
(नाव विचारलं, लिहिलं नाही.)
रकाना सतरा: चीज ज्यात मुरतं ते भांडं
गुळगुळीत, धुता येण्याजोगं, न गंजणारं असावं.

भांडं म्हणजे मेंढीचं अख्खं कातडं,
लोकर आत, पायांना गाठी,
मानेकडून भरलेलं.
दिवसातून दोनदा त्याला उलटवायचं,
तान्ह्या मुलाची कूस बदलावी तसं.
गंजत तर नाही, एतेरबाई म्हणाल्या.

स्टीलच्या टाकीला अर्धा कळप विकावा लागेल.
खाली तेलावीच्या वाटेवर मोठी डेअरी आहे, तिथे टाकी आहे,
फरशी आहे, आणि फक्त रकाने भरायला
पगारावर ठेवलेला एक माणूस.
इथे तो माणूसही एतेरबाईच.
चरवी खाली ठेवून, हात पुसून,
चष्मा शोधत.

तुम्हाला माझा राग येत असेल. थांबा.

चार वर्षांपूर्वी आमच्या भागात एक मुलगी, नऊ वर्षांची.
ताप आला, उतरला, पुन्हा आला.
सांधे धरले ते धरलेच.
चीज कुणाचं, कळलं नाही,
कारण कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.
त्या हिवाळ्यात रकाना सतरा मीच सुचवला,
शेगडीजवळ बसून,
एकही कातडं डोळ्यांपुढे न आणता.

हेही त्यांना सांगितलं.
त्या बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, दूध तपास. मेंढ्यांचं रक्त काढून ने.
मला जे येत नाही ते शिकव, मी शिकेन.
भांड्याला काय विचारतोस?

रकान्यात दोनच चौकोन होते, होय आणि नाही.
मी नाहीवर फुली मारली.
पूर्ततेची मुदत: नव्वद दिवस.
तोवर खिंडीत माणूसभर बर्फ असेल,
जूनपर्यंत फेरतपासणीला वर येणार कोण?
हे मला ठाऊक होतं. त्यांनाही.
दोघंही सही करताना
हवेबद्दल बोललो.

उतरताना गाडीत वास सुटला.
मागच्या सीटवर, फडक्यात बांधलेला तुकडा.
नमुना म्हणून नोंदवावा, की लाच म्हणून?
तक्ता चाळला. जागा नाही.

तिसऱ्या वळणावर गाडी थांबवली आणि खाल्ला.
खारट. लोकरीचा एक धागा दातांत अडकला.
तारीख लिहून ठेवलीय,
ताप आलाच तर.