त्रेसष्ट नंबर

पाठीवर चार पिना लावून
मी कागद अडकवला: त्रेसष्ट.
खालची डावी तिला टोचली असणार.
बोलली नाही.

आई-वडिलांनी कुंपणाच्या आत यायचं नाही,
म्हणून आम्ही सगळे आपापल्या गाड्यांत,
काचा खाली करून, एकमेकांकडे न बघता.
आयोवातला ऑगस्ट. आउटफिल्डच्या पलीकडे
माणसाहून उंच मका,
आणि त्याच्या पानांचा तो कोरडा आवाज,
ज्यात मला उगाच कुजबुज ऐकू येते.

मॅरेन कॅचर आहे.
कॅचर आणखी चौघी होत्या.
मोजायचं नाही असं ठरवून आले होते, मोजलं.
मग उंच्या मोजल्या.
मग दुसऱ्या बेसवर जाणारा चेंडू
मनातल्या मनात एक, दोन म्हणत मोजला.
एकीचा चेंडू दोन म्हणायच्या आत पोचला.
ती आमची नव्हती.

निळ्या टोपीची बाई
प्रत्येकीच्या नंबरापुढे काहीतरी लिहीत गेली.
निघताना म्हणाली, "कळवतो."
या एका शब्दावर मी आजवर
तीन नोकऱ्या घालवल्यात.

रात्री नऊ चाळीसला फोन उजळला.
जागा आहे. तिसरी कॅचर,
गरज पडेल तशी उजव्या आउटफिल्डला.
उत्तर उद्या दुपारी बारापर्यंत.
इसार पाचशे डॉलर, परत मिळणार नाही.
शेवटी एक पिवळा हसरा चेहरा.

आज शुक्रवार.
रविवारी दुसऱ्या संघाची निवड आहे,
ज्याचं नाव ती वहीच्या मागच्या पानावर लिहिते.
शनिवारचे बारा काही आपोआप वाजत नाहीत,
कुणीतरी कॅलेंडर समोर ठेवून
ते वाजवायचं ठरवलेलं असतं.

डेल म्हणाला, "हातचं सोडून..."
आणि पुढचं गिळलं.
हातचं धरून तो एकोणीस वर्षं
त्याच धान्याच्या कोठारात आहे.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला:
फी, हॉटेलं, पेट्रोल, नवी बॅट.
खाली लिहिलं, बाकावर बसणं,
आणि पुढे कुठला आकडा घालायचा ते कळेना.

मॅरेन जिन्यावरून ऐकत होती.
तिनं एवढंच विचारलं,
"किन्झीला आला का निरोप?"

किन्झीचे चेंडू झेलत
आठ वर्षांची असल्यापासून हिनं गुडघे सोलून घेतलेत.
किन्झीच्या आईला मी विचारू शकत नव्हते.
ती मला विचारू शकत नव्हती.
मध्ये एक अरुंद रस्ता,
दोन्हीकडे स्वयंपाकघरात दिवे चालू.

सकाळी, तोंडात घास असताना:
"तिसरी म्हणजे आधीच्या दोघी ठरल्यात?"
हो.
"मग सांग त्यांना, सोमवारी कळवतो."
अगं, सोमवारपर्यंत कोण थांबतंय!
"माहितीये," म्हणाली,
आणि वाटीतलं उरलेलं दूध प्यायली.

निरोप मी चारदा लिहिला.
एकदा त्यात माफी होती, ती काढली.
एकदा डेलचं नाव होतं, तेही काढलं.
अकरा बत्तीसला पाठवला.
अकरा तेहतीसला उत्तर: "समजलं. शुभेच्छा."
यावेळी चेहरा नव्हता.
मग दिवसभर मी कपाटं पुसत होते,
स्वच्छ असलेली.

संध्याकाळी किन्झी आली, हातमोजा घालूनच.
दोघी गॅरेजसमोर उभ्या राहिल्या.
कुणी कुणाला काही विचारलं नाही,
नुसता चेंडू, चामड्यावर,
अंधार पडून दिसेनासा झाला तरी.

रात्री शर्ट धुतला. उद्या त्यावर
वेगळा आकडा.
पिना काढून सिंकजवळ बशीत ठेवल्या.
तीनच सापडल्या.