बाद

तेहतीस वर्षं नोटा तपासल्या नाशिकरोडला.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडेला नको तेवढी पांढरी पट्टी,
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला नंतर.
आता तीच बोटं रिमोटवर.

साडेसातच्या मालिकेत सुनेनं दार उघडलं
तेव्हा बांगड्या हिरव्या होत्या, आत आली तेव्हा लाल.
सासूचा चेहरा तीनदा, तीन बाजूंनी,
विजेचा कडकडाट,
आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन.
गायधनीबाई म्हणतात, तुम्ही बघता की पंचनामा करता?
बघते हो. रोज बघते. एक भाग चुकवत नाही.

हर्षलनं भिंतीएवढा टीव्ही आणलाय.
परवा रात्री त्यावर ऑपेरा लावून दिला, इटलीतला,
आणि स्वतः झोपायला गेला.
पोटात सुरा घुसलेली बाई वीस मिनिटं गात होती.
खाली इंग्रजी अक्षरं पळायची, माझ्या चष्म्यापेक्षा वेगात.
मी अक्षरं सोडली,
तिच्या गळ्याची शीर बघत बसले.
रक्त खोटं होतं. शीर नव्हती.

रविवारी शालिमारच्या नाट्यगृहात संगीत नाटक.
तिकीट गायधनीबाईंचं, गुडघा त्यांचा, म्हणून मी.
राजपुत्र पासष्टीचा.
टोपाखालून त्याचे स्वतःचे पांढरे केस कानावर आलेले.
शेल्याला पिन. पाचव्या रांगेतून दिसणारी पिन!
ऑर्गनची एक पट्टी दाबली की खालीच राहायची,
वाजवणारा ती करंगळीनं वर काढायचा, दर वेळी, न बघता.
मी मनात गठ्ठा लावत गेले:
ही बाद. ही बाद. हीसुद्धा.

दुसऱ्या अंकात तो वरच्या षड्जाला गेला
आणि आवाज फाटला,
मधोमध, घडीवर जुनी नोट फाटते तसा.
तो खोकला नाही. पाणी मागितलं नाही.
ऑर्गनवाल्यानं तो सूर धरून ठेवला,
मागून येणाऱ्यासाठी दार धरावं तसा,
आणि तो पुन्हा गेला,
केसभर खालीच पोचला.

कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर!
वळून बघितलं कोण ते,
तर मागची अख्खी रांग माझ्याकडे बघत होती.

येताना रिक्षा द्वारकेच्या सिग्नलला अडकली.
ती जागा हळूच गुणगुणून पाहिली.
माझाही तिथेच फाटला.
रिक्षावाल्यानं आरसा जरासा वळवला.

घरी अकराला मालिका परत लागते.
बांगड्या लाल.
गायधनीबाई उद्या विचारतील नाटक कसं होतं,
तर काय सांगू?
पिन दिसत होती, म्हणेन.