एकास बारा

बिजलपूरच्या पुढे, बायपासच्या अलीकडे
जे मुक्तिधाम आहे, त्याचा नकाशा माझ्या हातचा.
शहाऐंशी साली. तेव्हा मी तिशीतला,
पेन्सिल टोकदार,
घरातलं अजून कोणी गेलेलं नव्हतं.

उतार दिला एकास बारा.
चार माणसं, आठ पाय, खांद्यावर भार,
कोणी घसरू नये एवढंच डोक्यात.
पाया खोल घेतला, कारण इथली काळी माती
पावसात फुगते आणि वैशाखात
हात जाईल इतकी फाटते.
धुराडं चाळीस फूट. वारा पश्चिमेचा,
म्हणून वस्तीवर राख यायची नाही.
वस्ती पुढे पूर्वेलाच वाढली,
त्याला मी काय करणार.

हात धुवायला नळ काढला एकच.
साहेबांनी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

मार्चमध्ये कुमुदला आणलं.
उतार बरोबर निघाला.
मग पन्नास-साठ माणसं त्या एका नळाशी,
सगळ्यांत शेवटी मी, हाताला तूप,
भिंतीकडे बघत अंदाज घेतोय
दुसरा कुठे बसला असता.

मागे आता बाग केली आहे.
सिमेंटची हरणं, देणगीदारांच्या नावांचे बाक,
ओल्या-सुक्याचे दोन डबे:
हार ओल्यात, दोरा सुक्यात. इंदूरच ते.
राख मातीत कालवून रोप लावायची सोय आहे,
यादीत कडुनिंब, बेल, पारिजात.
कुमुद म्हणाली होती,
अहो, पारिजात नको, फुलं वेचायला कोण येणार तिथे?
कढीपत्ता लावा.

माळी प्रभुलाल म्हणाला,
"मीठा नीम तो लिस्ट में नहीं है, साहब."
थोडा वेळ थांबला. मग रजिस्टरात त्यानेच लिहिलं, नीम.
मीठा तेवढं गाळलं.

काल गेलो तर खालच्या फांद्या ओरबाडलेल्या.
प्रभुलाल खुरपं शोधायला लागला,
जे त्याच्या हातातच होतं.
"घरवाली पोहे में डालती है."
स्मशानातून घरी काही नेऊ नये,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.
मी विचारलं, कसा आहे?
"तेज है."

दोन डहाळ्या मीही तोडल्या,
खिशात घातल्या, उतार उतरून आलो.
नळाशी कोणीच नव्हतं.
हात धुतले नाहीत.
वास गेला असता.